फ्रंटपेजमधली मराठी साइट हलवली की मजकूर दर वेळी का बिघडतो

तक्रार साधारण अशी असते. संस्थेची साइट २००१-०२ च्या सुमारास कुणीतरी फ्रंटपेजमध्ये, म्हणजे वेबपानं बनवायच्या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये, केलेली. ज्यानं केली तो आता संस्थेत नाही. होस्टिंगवाल्यानं सर्व्हर बदलला, किंवा नव्या कार्यकारिणीला साइट मोबाइलवर नीट दिसायला हवी, म्हणून सगळं वर्डप्रेसवर न्यायचं ठरतं. पानं एकेक करून कॉपी-पेस्ट होतात आणि मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची गिचमीड उमटते. मग कुणीतरी जाणकार जुना फाँट चढवून देतो, मजकूर दिसायला लागतो, सगळे सुटकेचा श्वास टाकतात. पुढे कधीतरी थीम, म्हणजे साइटचं रूप ठरवणारा वर्डप्रेसचा साचा, अपडेट होते आणि गिचमीड परत हजर.

वाचनालयं, शाळा, ज्ञातिसंस्था, दिवाळी अंक, परदेशातली महाराष्ट्र मंडळं, सगळीकडे हाच प्रकार. दोष वर्डप्रेसचा नसतो, थीमचा नसतो, आणि खरं सांगायचं तर फ्रंटपेजचाही फारसा नसतो. जुन्या फाइलमध्ये मराठी मजकूर मुळात नसतोच. तिथे इंग्रजी अक्षरं असतात आणि ती मराठीसारखी दाखवणारा एक फाँट असतो. तो फाँट जिथे पोचत नाही तिथे गिचमीड दिसते, आणि नवीन साइटवर तो सगळीकडे पोचवत बसणं हा उपाय नव्हे. म्हणून काम करायचा क्रम महत्त्वाचा: आधी मजकूर बाहेर काढा, युनिकोडमध्ये (कुठल्याही एका फाँटवर अवलंबून नसलेल्या प्रमाण अक्षरसंकेतांत) आणा, वाचून तपासा, आणि त्यानंतरच नवीन सॉफ्टवेअर उघडा. हा क्रम उलटा केला की पुढची दोन वर्षं डोक्याला ताप.

आधी साइट कशात केली आहे ते पाहा

जुनं पान ब्राउझरमध्ये उघडा आणि कंट्रोल-यू दाबून त्याचा सोर्स बघा. वरच्या बाजूला ‘जनरेटर’ अशी एक मेटा ओळ असते. तिथे मायक्रोसॉफ्ट फ्रंटपेज ४.० असेल तर साइट फ्रंटपेज २००० मधली, ५.० असेल तर २००२ मधली, ६.० असेल तर २००३ मधली. २००३ ची आवृत्ती शेवटची. २००६ च्या अखेरीस मायक्रोसॉफ्टनं हे सॉफ्टवेअर बंद केलं आणि त्याच्या जागी एक्स्प्रेशन वेब आणि शेअरपॉइंट डिझायनर अशी दोन आणली. एक्स्प्रेशन वेबही डिसेंबर २०१२ मध्ये फुकट वाटून टाकलं आणि विषय मिटवला. तेव्हा ‘फ्रंटपेजची नवी आवृत्ती कुठे मिळेल’ हा शोध सोडून द्या. कुणाच्या मशीनवर एक्स्प्रेशन वेब ४ अजून असेल तर जुनी साइट उघडून बघायला ते उपयोगी पडतं, पण राहायला जायची ती जागा नाही.

सोर्समध्ये दुसरी गोष्ट शोधायची ती फाँटचं नाव. परिच्छेदागणिक फाँट-फेस असा टॅग दिसेल आणि त्यात शिवाजी, कृतिदेव, श्रीलिपीचा एखादा आकड्यांचा फाँट, किंवा सी-डॅकचा डीव्ही-टीटी सुरेख, डीव्हीबी-टीटी योगेश असं काहीतरी असेल. हे नाव जसंच्या तसं, आकड्यासकट, लिहून ठेवा. पुढचं अर्धं काम या नावावर चालतं. डीव्ही, डीव्हीबी आणि डीव्हीबीडब्ल्यू ही नावं कानाला एकाच कुटुंबातली वाटतात, पण ‘डीव्हीच आहे ना, चालेल’ म्हणून भलताच पर्याय निवडलात तर निम्मी जोडाक्षरं हुकतील.

काही साइटींनी वाचकाला फाँट डाउनलोड करायला लागू नये म्हणून तेव्हा ‘डायनॅमिक फाँट’ वापरले होते. फोल्डरमध्ये डॉट ईओटी अशी फाइल सापडली तर समजा तोच प्रकार आहे. तो इंटरनेट एक्सप्लोररपुरताच होता; क्रोम आणि फायरफॉक्सनं कधी उचलला नाही, आणि इंटरनेट एक्सप्लोररची डेस्कटॉप आवृत्ती जून २०२२ मध्ये निवृत्त झाली. शिवाय या फाइली बनवताना त्या एका ठरावीक वेबपत्त्याला बांधून ठेवायची सोय होती. त्यामुळे ‘साइट आहे तशी उचलून नव्या डोमेनवर ठेवली, काहीच बदललं नाही, तरी मराठी गेलं’ ही तक्रार अगदी खरी असते. पत्ता बदलला, म्हणून फाँटनं उतरायला नकार दिला.

गिचमीड पाच प्रकारची असते

सगळी गिचमीड सारखी नसते, आणि उपाय प्रकारावर ठरतो. लोक इथेच घाई करतात.

साधी इंग्रजी अक्षरं, मधेच अर्धविराम, कंस, डोक्यावर ठिपके असलेली युरोपीय अक्षरं, आणि तरी शब्दांची लांबी मराठी वाक्यासारखी: हा जुना फाँट. मजकूर शाबूत आहे, रूपांतर लागेल.

डोक्यावर तिरकी रेघ असलेला छोटा ए, त्याला चिकटून ¤ हे चिन्ह, मग एखादं भलतंच अक्षर, आणि ही तिकडी ओळभर पुन्हा पुन्हा: हा युनिकोड मजकूर आहे, फक्त चुकीच्या पद्धतीनं वाचला जातोय. देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, तीन बाइटचं असतं. ब्राउझर ते विंडोज-१२५२ ही अक्षराला एकच बाइट देणारी जुनी पद्धत समजून तीन वेगळी अक्षरं दाखवतो. इथे रूपांतरक, म्हणजे जुन्या फाँटचा मजकूर युनिकोडमध्ये बदलणारं साधन, चालवू नका. पानाची कॅरसेट ओळ, म्हणजे मजकूर कुठल्या पद्धतीनं वाचायचा ते सांगणारी ओळ, यूटीएफ-८ करा. तरी सुधारलं नाही तर सर्व्हर स्वतःच्या हेडरमध्ये काय सांगतो ते बघा, कारण पान एक म्हणालं आणि सर्व्हर दुसरं, तर ब्राउझर सर्व्हरचं ऐकतो.

नुसती प्रश्नचिन्हं, ओळच्या ओळ: मजकूर गेला. डेटाबेसचा रकाना लॅटिन-१ या फक्त युरोपीय अक्षरांच्या पद्धतीचा होता, त्यात देवनागरी मावली नाही, प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह साठवलं गेलं. ते परत अक्षर होत नाही. मूळ फाइलकडे जा, रकाना यूटीएफ-८-एमबी-४ करा आणि पुन्हा भरा. या अवस्थेत कॅरसेट बदलून पाहण्यात संध्याकाळ घालवणारे लोक मी पाहिले आहेत; त्यातून काही निघत नाही.

काळ्या चौकटीतलं पांढरं प्रश्नचिन्ह, आणि तेही फक्त अवतरणचिन्हांच्या, लांब डॅशच्या जागी: इंग्रजी मजकुरातली जुनी विंडोजची चिन्हं. फाइल विंडोज-१२५२ मध्ये आहे आणि पान यूटीएफ-८ असल्याचं सांगतंय. फाइल नीट बदलून साठवली की संपलं.

पाचवा प्रकार म्हणजे ठिपक्यांच्या वर्तुळावर बसलेली वेलांटी किंवा मात्रा. हा रूपांतर झाल्यानंतरचा दोष आहे, त्याकडे पुढे येतो.

फाइली उघडायला नोटपॅड-प्लस-प्लस हा मजकूर-संपादक वापरत असाल तर एन्कोडिंग मेनूतला एक फरक ध्यानात ठेवा. त्यातले वरचे पर्याय फाइल कशी वाचायची तेवढंच बदलतात; खालचे ‘कन्व्हर्ट’वाले पर्याय फाइलचे बाइट बदलतात. चुकीच्या पद्धतीनं वाचलेली फाइल ‘कन्व्हर्ट’ करून साठवली की दुसऱ्या प्रकारची गिचमीड कायमची फाइलमध्ये जाऊन बसते. नंतर तीन बाइटचं अक्षर सहा-सात बाइटचं झालेलं असतं. ते उलटं फिरवता येतं, पण कशाला?

फाँट चढवून वेळ मारून नेऊ नका

जुना फाँट आजच्या वेब-फाँटच्या स्वरूपात आणून सीएसएसमधून, म्हणजे पानाच्या सजावटीच्या सूचनांतून, लावता येतो. दिसतंही छान, मोबाइलवरसुद्धा. आणि म्हणूनच तो मोह वाईट आहे. गूगलला पान अजूनही इंग्रजी गिचमीडच वाटतं, साइटवरचा शोध चालत नाही, अंध वाचकाचं स्क्रीन-रीडर बडबडगीत म्हणायला लागतं, वाचकानं चार ओळी कॉपी करून व्हॉट्सॲपवर पाठवल्या तर तिथे परत गिचमीड. त्यात बरेचसे फाँट विकत घेतलेल्या पॅकेजबरोबर आलेले. ते वेबवर असे वाटण्याचा परवाना संस्थेकडे असतोच असं नाही. थीम बदलली की ती सीएसएसची ओळ जाते, आणि सुरुवातीला सांगितलेलं चक्र फिरायला लागतं.

रूपांतर: इथे वेळ घाला

आधी कच्चा माल मिळवा. सर्व्हरवरून सगळ्या फाइली एफटीपीनं उतरवून घ्या आणि ती प्रत झिप करून बाजूला ठेवा. तिला पुन्हा हात लावायचा नाही. सर्व्हर बंद झाला असेल तर इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर बघा. तिथून पान उचलताना एक युक्ती: पत्त्यात जो तारखेचा लांबलचक आकडा असतो त्याला लागून इंग्रजी ‘आयडी’ ही दोन छोटी अक्षरं आणि एक अंडरस्कोअर टाका. मग वरची पट्टी आणि बदललेल्या लिंका न येता मूळ फाइल जशीच्या तशी मिळते. जुन्या फाँटच्या बाबतीत हे फार उपयोगी.

आता फाँट नेमकं काय करतो ते एकदा समजून घ्या, म्हणजे पुढचे दोष ओळखता येतील. उदाहरणाला कृतिदेव घेतो. ‘मराठी’ हा शब्द फाइलमध्ये ई, जे, के, मोठा बी, एच असा असतो. म, र, काना, ठ, दीर्घ वेलांटी. इथवर ठीक. ‘हिंदी’ मात्र एफ, जी, ए, एन, एच असा, म्हणजे ऱ्हस्व वेलांटी आधी आणि ह नंतर. टाइपरायटरवर जशी आधी वेलांटी मारायची, तशीच. युनिकोडमध्ये आधी ह आणि मग वेलांटी लागते. रफाराचं नेमकं उलट: ‘कार्य’ लिहिताना कृतिदेवमध्ये क, काना, य आणि शेवटी रफार, युनिकोडमध्ये र आणि हलन्त हे य च्या आधी. म्हणजे रूपांतरक नुसती अक्षराला अक्षर बदलत नाही, त्याला जागाही हलवाव्या लागतात. दोष बहुतेक याच हलवाहलवीत होतात.

फ्रंटपेजची त्यात स्वतःची भर असते. संपादकानं शब्दाच्या मधूनच ठळक केलं, किंवा खोडून परत लिहिलं, की फ्रंटपेज एका शब्दाचे दोन फाँट-टॅग करून ठेवतं. वेलांटी एका टॅगमध्ये, तिचं अक्षर दुसऱ्यात. दोन्ही तुकडे वेगवेगळे रूपांतरकात गेले की वेलांटीला बसायला अक्षरच मिळत नाही आणि ठिपक्यांचं वर्तुळ उगवतं. म्हणून रूपांतराआधी लागोपाठचे एकाच फाँटचे टॅग जोडून घ्या. ते जमत नसेल तर रूपांतरानंतर ‘स्पेस आणि लगेच वेलांटी’ असा शोध घ्या. बऱ्याच जागा एका झटक्यात सापडतात.

याहून जास्त गंमत एचटीएमएलच्या राखीव चिन्हांची. कृतिदेवमध्ये झ साठी ‘पेक्षा मोठे’ हे चिन्ह आहे आणि ढ साठी ‘पेक्षा लहान’. ही दोन्ही चिन्हं एचटीएमएलमध्ये तशीच लिहिता येत नाहीत, म्हणून फ्रंटपेज झ च्या जागी अँपरसँड, जी, टी, अर्धविराम असा चार चिन्हांचा संकेत लिहून ठेवतं. सोर्समधला मजकूर थेट रूपांतरकात टाकलात तर तो या चार चिन्हांचंही इमानेइतबारे मराठी करतो: अँपरसँडचा डॅश, जी चा ह, टी चा ज, अर्धविरामाचा य. परिणामी ‘उद्घाटन झाले’ याचं ‘उद्घाटन -हजयाले’ होतं आणि प्रत्येक ढ च्या जागी ‘-सजय’ येतं. वार्षिक अहवालात असे ‘हजय’ आणि ‘सजय’ जागोजागी दिसले तर घाबरू नका, हाताने दुरुस्तही करत बसू नका. आधी संकेत मोकळे करून घ्या आणि मग पुन्हा रूपांतर करा. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे सोर्समधून न उचलता, ब्राउझरमध्ये दिसणाऱ्या पानावरून गिचमीड उचलणं. ब्राउझर संकेत आधीच उलगडून देतो. अर्थात तेव्हा फाँट-टॅग हातचे जातात, म्हणजे कुठला तुकडा मराठी आणि कुठला खरोखर इंग्रजी हे तुम्हाला डोळ्यांनी ठरवावं लागतं.

आणि ते ठरवावंच लागतं. पूर्ण पान एकदम रूपांतरकात टाकू नका. त्यातला ईमेल पत्ता, बँकेचा आयएफएससी कोड, इंग्रजी नावं, सगळ्याचं मराठीत भजं होईल. फक्त फाँट-टॅगच्या आतला मजकूर घ्या. आकड्यांचंही बघा. काही फाँटांत इंग्रजी आकड्यांच्याच जागी मराठी आकडे बसवलेले असतात, त्यामुळे रूपांतरानंतर ते इंग्रजी दिसतात. मजकुरात कुठले ठेवायचे ते संस्थेनं ठरवावं. फोन लावायच्या लिंकमध्ये मात्र आकडे इंग्रजीच लागतात.

हे सगळं नीट झालं तरी एक दोष राहतो, आणि तो हिंदीत उद्भवतच नाही. हिंदीसाठी बनवलेल्या रूपांतरकांना ‘दुसऱ्या’तला आडवा अर्धा र माहीतच नसतो. ते तिथे य वर रफार देऊन मोकळे होतात. ‘साऱ्या’, ‘बिचाऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘गिऱ्हाईक’, ‘कुऱ्हाड’, सगळ्यांचा बोऱ्या. मग कुणाला तरी सुचतं, की सरसकट सगळे रफारवाले य बदलून टाकू. तसं केलंत तर ‘कार्यालय’, ‘मर्यादा’, ‘पर्याय’, ‘आचार्य’ हे चांगले शब्द मोडतील, आणि संस्थेच्या साइटवर ‘कार्यालय’ तर पानागणिक असतं. दर्या आणि दऱ्या दोन्ही बरोबर आहेत. कुठला हवा ते वाक्यच सांगतं. सरसकट बदललंत तर आचार्यांच्या ऐवजी स्वयंपाक करणाऱ्या आचाऱ्यांना हार घातल्याचं दिसेल. त्यामुळे इथे शोधा-आणि-बदला चालवायचं ते ‘प्रत्येक ठिकाणी विचारून’. ह च्या बाबतीत काम सोपं आहे: ‘गर्हा’, ‘अर्हता’, ‘बर्हि’ असे थोडे संस्कृत शब्द सोडले तर बहुतेक ठिकाणी आडवा र च हवा असतो.

हा र टाइप कसा करायचा ते अनेकांना माहीत नसतं. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून जे, मग डी, मग य ची कळ. म्हणजे खाली नुक्ता असलेला ऱ, हलन्त आणि य. दुसरी एक पद्धत आहे, साधा र, हलन्त, त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह आणि मग य. पडद्यावर दोन्ही हुबेहूब एकच दिसतात, पण साइटच्या शोधाला ते दोन वेगळे शब्द वाटू शकतात. पहिली पद्धत धरा आणि सगळा मजकूर तिच्यात आणा. ‘ॲ’चीही हीच कथा. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ व्या आवृत्तीत आलं. त्याआधीचे रूपांतरक अ वर चंद्र ठेवून भागवतात. ‘ॲडमिशन’ शोधणाऱ्या पालकाला पान सापडत नाही तेव्हा कारण बहुधा हे असतं.

गिफ चित्रांत कोरलेली शीर्षकं आणि मेनू रूपांतरकाच्या आवाक्याबाहेर आहेत. ती पुन्हा टाइप करा. थोडीच असतात.

फ्रंटपेजची मागे राहिलेली भुतं

मजकूर हातात आला की मगच पानाच्या सांगाड्याकडे बघायचं. फ्रंटपेजचे पाहुणे-मोजणी यंत्र, अभिप्राय फॉर्म, साइटवरचा शोध हे प्रकार सर्व्हरवर बसवलेल्या ‘फ्रंटपेज एक्स्टेन्शन्स’वर चालायचे. नव्या सर्व्हरवर ते नाहीत, यायचेही नाहीत. सोर्समध्ये ‘वेबबॉट’ नावाच्या टिप्पण्या दिसतील तिथे तिथे असं काहीतरी होतं. फॉर्मसाठी नवा फॉर्म करा. मोजणी यंत्र काढून टाका. ‘आपण ४०,००० वे पाहुणे’ याची आज कुणाला गरज नाही. एका पानाचा मजकूर अनेक पानांत घालणारा ‘इन्क्लूड’ वेबबॉट मात्र बघून घ्या: त्याचा मजकूर प्रत्येक पानात सुरुवात आणि शेवट अशा दोन टिप्पण्यांच्या मध्ये प्रत्यक्ष लिहिलेला असतो, म्हणजे हरवत नाही, पण पन्नास पानांतून पन्नास वेळा उचलला जातो. तो एकदाच घ्या.

‘शेअर्ड बॉर्डर’ वापरलेली साइट असेल तर प्रत्येक पानात ‘एमएसनेव्हिगेशन’ अशी टिप्पणी आणि तिच्याभोवती कोष्टकं दिसतील. ती सगळी फेकण्याजोगी. फिरणाऱ्या जावा बटणांचंही तेच. ब्राउझरनी जावा ॲप्लेट कधीच सोडून दिले. सरकत्या ओळीचा मार्की टॅग तेवढा आजही बऱ्याच ब्राउझरमध्ये निमूट चालतो. त्यालाही निरोप द्या, सूचना उभी राहिली तर लोक ती वाचतील तरी.

एक गोष्ट मात्र गंभीर आहे. साइटच्या फोल्डरमध्ये अंडरस्कोअर-व्हीटीआय अशी सुरुवात असलेले फोल्डर असतात. फ्रंटपेज मूळचं व्हर्मीर टेक्नॉलॉजीज या कंपनीचं, तिच्या नावाची ही आद्याक्षरं. मायक्रोसॉफ्टनं ती कंपनी १९९६ च्या जानेवारीत घेतली आणि फोल्डरांची नावं तशीच राहिली. यातल्या ‘पीव्हीटी’ फोल्डरमध्ये सर्व्हिस डॉट पीडब्ल्यूडी नावाची फाइल असू शकते. तिच्यात साइट चालवणाऱ्याचं नाव आणि पासवर्डचं सांकेतिक रूप असतं, आणि ते रूप आजच्या मानानं कच्चं आहे. शेजारच्या ‘अंडरस्कोअर-प्रायव्हेट’ फोल्डरमध्ये फॉर्म भरणाऱ्यांची नावं, फोन, पत्ते साध्या मजकूर-फाइलमध्ये साठलेले असतात. ‘सगळंच्या सगळं चढवून टाक’ म्हणताना हे दोन्ही नव्या सर्व्हरवर जातात, आणि तिथे त्यांना झाकणारं कुणी नसतं. अंडरस्कोअरनं सुरू होणारा एकही फोल्डर नव्या जागी चढवू नका. चढवला असेल तर हे वाचणं थांबवून आधी काढा.

फोटो दिसत नाहीत

याचं कारण बहुतेक वेळा एकच: जुना सर्व्हर विंडोजचा, नवा लिनक्सचा. विंडोजला मोठी आणि छोटी इंग्रजी अक्षरं सारखीच. लिनक्सला ती वेगळी. कॅमेऱ्यानं मोठ्या अक्षरांत ‘जेपीजी’ लिहिलं आणि पानात छोट्या अक्षरांत असलं की फोटो गायब. सगळ्या फाइलींची नावं छोट्या अक्षरांत करा, मधल्या स्पेस काढून डॅश घाला, आणि पानांतल्या लिंका त्याबरहुकूम बदला. अधूनमधून ‘सी ड्राइव्ह, माय डॉक्युमेंट्स’ असा पत्ता असलेली लिंक सापडेल. ती ज्यानं साइट बनवली त्याच्या कॉम्प्युटरवरच कायम उघडायची, म्हणून त्याला कधी कळलंच नाही.

मग कशावर न्यायची?

वर्षातून दोनदा बदलणारी पंधरा-वीस पानं असतील तर माझं मत स्पष्ट आहे: वर्डप्रेस नको. साधी एचटीएमएल पानं, एक सीएसएस फाइल, झालं. वर्डप्रेसला सतत अपडेट लागतात. ते करणारं कुणी नसेल तर साइट वर्षभरात कुणाच्यातरी औषधांच्या जाहिराती दाखवायला लागते. दर आठवड्याला सूचना, कार्यक्रम, अहवाल टाकणारी तीन-चार माणसं असतील तर वर्डप्रेस योग्य. ओढा-आणि-सोडा पद्धतीच्या सेवांच्या बाबतीत पैसे भरण्याआधी एकच प्रश्न विचारा: उद्या सोडून जायचं ठरलं तर माझा मजकूर मला कुठल्या स्वरूपात परत मिळेल? उत्तर गोलमोल आलं तर पुढच्या माणसासाठी तुम्ही नवं फ्रंटपेज मांडून ठेवताय.

वर्डप्रेसमध्ये मजकूर टाकताना कंट्रोल-शिफ्ट-व्ही वापरा, म्हणजे जुन्या पानाचे किंवा वर्डचे रंग-आकार सोबत येत नाहीत. सेटिंगमध्ये साइटची भाषा मराठी निवडा. त्यानं पानाला मराठीची खूण लागते आणि ज्या फाँटमध्ये सोय आहे तिथे ल आणि श मराठी वळणाचे दिसतात. नाहीतर हिंदी वळणाचे येतात आणि कार्यकारिणीतलं कुणीतरी ज्येष्ठ ‘हा श आपला नव्हे’ म्हणून हटकून सांगतंच.

जुने पत्ते

इतक्या वर्षांत त्या पानांच्या लिंका कुठे कुठे गेलेल्या असतात: विकिपीडियावर, दुसऱ्या संस्थांच्या साइटवर, छापील स्मरणिकांत. जुनी पानं डॉट एचटीएमनं संपणारी, नवी तशी नसतात. साधी पानं करत असाल तर जुनीच नावं ठेवा, प्रश्नच मिटला. वर्डप्रेस असेल तर प्रत्येक जुन्या पत्त्याला ३०१ क्रमांकाचं कायमचं वळण द्या. त्यासाठी जुनं नाव आणि नवं नाव अशी दोन रकान्यांची यादी मजकूर काढतानाच करत जा, नंतर ती आठवणीतून होत नाही. आणि सगळी जुनी पानं सरसकट मुखपृष्ठावर वळवू नका. २००४ च्या अहवालाची लिंक दाबून मुखपृष्ठावर पोचलेला माणूस तिथून अहवाल शोधत बसत नाही. ज्या पानाला नवी जागा नाही त्याला ‘पान सापडले नाही’ हा निरोपच योग्य. जुना सर्व्हर लगेच बंद करू नका. यादीतला प्रत्येक पत्ता दाबून बघून झाला, की मग होस्टिंगवाल्याला कळवा.